राखणदाराशेजारची लिफ्ट

सुलक्षणा धुरींना सेक्रेटरी व्हायचं नव्हतं. भांडुपच्या डोंगरउतारावरच्या ‘सातेरी कृपा’ या चार मजली इमारतीत ते पद कोणालाच नको असायचं. वार्षिक सभेत सेक्रेटरी निवडण्याचा विषय निघाला की माणसांना एकदम गॅसवर ठेवलेलं दूध आठवायचं. त्या वर्षी सुलक्षणानं आपणहून हात वर केला, तेव्हा इतक्या टाळ्या पडल्या की तिला तिथल्या तिथे संशय आला. पण तिला एक काम करून घ्यायचं होतं. इमारतीला लिफ्ट बसवायची होती, आणि ती दुसरं कोणी बसवणार नव्हतं.

कारण चौथ्या मजल्यावर होतं. तिचे यजमान, कुंडलिक धुरी, भांडुपच्याच एका कारखान्यात उभं आयुष्य मशीनपुढे उभे राहिले. कारखाना बंद पडला तोवर त्यांचे गुडघेही बंद पडायला आले होते. आता डॉक्टरकडे जायचं असेल तरच ते जिना उतरायचे, तेही प्रत्येक मजल्यावर कोणाच्या तरी दारातल्या खुर्चीवर टेकत. गुरुवारी संध्याकाळी तळमजल्यावर सोसायटीच्या खोलीत भजन बसायचं. त्या भजनात पंचवीस वर्षं वरचा सूर त्यांचा होता. आता ते खिडकीशी बसून खालच्या गजराला वरून साथ द्यायचे. खालच्यांना ती ऐकूही जायची नाही.

मुलगा श्रेयस दहिसरला टॉवरमध्ये राहायचा. तिथे दोन लिफ्ट होत्या, एक माणसांची, एक सामानाची. दर रविवारी त्याचा फोन यायचा. “आई, सोड ना यार ते घर. इकडे या. बाबा रोज खाली गार्डनमध्ये जातील.”

फोन ठेवल्यावर कुंडलिक म्हणायचे, “थय जावन काय करू? लिफ्टीत बसान वर-खाली? माझी माणसां हय आसत.” आणि खिडकीकडे तोंड फिरवायचे.

हे घर सोडलं तर हा माणूस तिकडे मूकच होईल, एवढं सुलक्षणाला कळत होतं. तिनं श्रेयसला सांगितलं, “एक वर्ष थांब. लिफ्ट होते की नाही बघते. नाही झाली तर येतो तुझ्याकडे.” वर्षात होईल असं तिला मनापासून वाटलं होतं. मुलुंडच्या एका शाळेच्या कार्यालयात तिनं तीस वर्षं कारकुनी केली होती. अडलेला कागद कसा हलवायचा ते तिला शिकवायला नको होतं. पण शाळेत कागद अडायचे, इथे माणसं अडून बसली.

पहिलं घोडं तळमजल्यावर अडलं. “आम्ही कशाला पैसे भरायचे? आम्ही काय लिफ्टनं पाताळात जाणार?” असं रतन गावडेनं भर सभेत विचारलं आणि सगळे हसले. सुलक्षणाही हसली, कारण प्रश्न चुकीचा नव्हता. पहिल्या मजल्याचं म्हणणं, आम्ही निम्मे देऊ. दुसऱ्याचं म्हणणं, पहिला निम्मे देत असेल तर आम्ही पूर्ण का? तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरानं होकार दिला, मग घरी सूनबाईशी बोलून तो मागे घेतला, मग सुनेच्या पायाला प्लास्टर लागलं तेव्हा पुन्हा दिला. एकेका सहीसाठी सुलक्षणा चार चार वेळा जिने चढली-उतरली. ज्या जिन्यापासून नवऱ्याला सोडवायचं, त्यानं तिचेच गुडघे धरले. संध्याकाळी ती पायांना तेल चोळत बसायची आणि कुंडलिक म्हणायचे, “ऱ्हवांदे गो. काय जीव देतंस?”

दुसऱ्या मजल्यावरची नीला सोसायटीचा हिशेब बघायची. पवईच्या एका कंपनीत ती मोठ्या हुद्द्यावर होती. एकदा ती कौतुकानं म्हणाली, “काकी, तुम्ही अख्खा प्रोजेक्ट मॅनेज करताय, माहितीये? आमच्याकडे याला मॅनेजर ठेवतात.”

“त्याला पगार देतात ना?”

“भरपूर.”

“मग मी नाही ती,” सुलक्षणा म्हणाली आणि पुढच्या दाराची बेल दाबली.

सह्या झाल्या. मग वास्तुविशारद, मग इमारत हा भार पेलेल की नाही त्याचा दाखला, मग महापालिका. तिथे एका टेबलावरचा माणूस बदलून गेला की नवा माणूस सगळं पहिल्यापासून विचारायचा, आणि सुलक्षणा पहिल्यापासून सांगायची. पहिल्या वर्षी तिच्या सांगण्यात तळमळ असायची. पुढे पुढे ती पाढे म्हटल्यासारखं सांगायला लागली आणि गंमत म्हणजे तेव्हापासून कामं जरा लवकर व्हायला लागली. श्रेयसला दिलेलं वर्ष कधीच उलटून गेलं होतं. दोघांपैकी कोणीही तो विषय काढत नव्हतं.

घाटकोपरचे मुकुलभाई कंत्राटदार म्हणून ठरले. माणूस गोड बोलायचा, आणि विशेष म्हणजे फोन उचलायचा. जिन्यातून लिफ्ट जाण्यासारखी नव्हती. ती बाहेरून, मागच्या भिंतीला लागून उभी करायची होती. मागे कुंपणाच्या भिंतीपर्यंत जागा तशी बेताचीच, पण नकाशात सगळं नीट बसत होतं. जानेवारी संपता संपता मुकुलभाईंच्या माणसांनी जमिनीवर पांढऱ्या फक्कीनं खड्ड्याची चौकट आखली. सुलक्षणा बघायला खाली गेली आणि जागीच थांबली. चौकटीची एक रेघ राखणदाराच्या अंगावरून गेली होती.

राखणदार म्हणजे एक काळा धोंडा, गुडघाभर उंचीचा. इमारतीच्या आधी इथे चाळ होती, चाळीच्या आधी गवत. पण धोंडा तेव्हाही होता म्हणतात. कणकवली, मालवण, वेंगुर्ल्याहून जी माणसं इथे येऊन राहिली, त्यांनी त्याला गावच्यासारखाच मान दिला. दिवाळीच्या अवसेला त्याच्यापुढे नारळ ठेवायचा, जाड भाकरीचा रोट ठेवायचा आणि एक विडी पेटवून ठेवायची, कारण रात्री राखण करणाऱ्याला तलफ येतेच. इमारतीतली इंजिनियर झालेली पोरंही परीक्षेला जाताना मागच्या बाजूनं वळसा घेऊन जायची. सुलक्षणा स्वतः दरवर्षी विडी पेटवून ठेवायची, आणि ती पेटवताना येणारा ठसका हा तिच्या दिवाळीचाच भाग होता. नकाशात मात्र धोंडा नव्हता. वास्तुविशारदानं तो ‘दगड, हटवणे’ असा धरला असणार, आणि त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. सगळ्यांना तो इतका माहीत होता की सांगायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

“हा धोंडा जरा बाजूला घेऊ,” मुकुलभाई म्हणाले. “एक फूट. दोन माणसांचं काम.”

त्यांच्या मागे उभे असलेले सातेरी कृपावाले एकमेकांकडे बघू लागले. हात लावायला कोणी पुढे आलं नाही. मुकुलभाईंचे गडी पुढे झाले, तेव्हा रतन गावडे म्हणाला, “थांबा. अण्णांना हे चालणार नाही.”

अण्णा गावडे म्हणजे रतनचे वडील, ऐंशीच्या पुढचे. इमारतीत कुठलंही कार्य असो, देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. ते बोलायला लागले की बाकीच्यांनी फक्त ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. पण अण्णा संक्रांत सरली की गावी जायचे ते पाऊस लागल्यावरच परतायचे. त्या वेळी ते कणकवलीकडच्या घरी काजू राखत बसले होते.

“फोन करून विचार ना त्यांना,” नीला म्हणाली.

“असलं फोनवर विचारतात का?” रतन म्हणाला, आणि यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. खरंच, देवाचं कोणी फोनवर विचारतं का?

काम थांबलं. आणि त्याच आठवड्यात कुंडलिक न्हाणीघरात घसरून पडले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांना चादरीच्या झोळीतून चार मजले उतरवलं, तेव्हा वेदनेनं त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. रुग्णालयाच्या बाकड्यावर बसलेल्या सुलक्षणापाशी शेजारणी येऊन बसल्या. कोणी उघड काही म्हणालं नाही. फक्त एक जण हळूच बोलली, “ती रेघ मारली त्याच आठवड्यात बघ.” सुलक्षणा म्हणाली, “काहीतरीच काय!” शाळेच्या भिंतीवर अंधश्रद्धेविरुद्धची पोस्टरं तिनं स्वतःच्या हातानं चिकटवली होती. ते सगळं त्या बाकड्यावर कुठच्या कुठे गेलं. ती घाबरली होती, आणि मुख्य म्हणजे दमली होती. आता धोंड्यावरून सभा, मग त्या सभेवर सभा, मग अण्णा येण्याची वाट. आणि अण्णा नाही म्हणाले तर? तर दोन वर्षांचं सगळं पाण्यात. अण्णांना फोन लावायचं तिच्याही मनात आलं होतं. तिनं मुद्दामच लावला नाही. विचारलं नाही तर निदान नकार तरी ऐकावा लागत नाही.

तिनं रुग्णालयाच्या आवारातूनच मुकुलभाईंना फोन केला. “धोंडा राहू दे. लिफ्टच एक फुटानं लहान करा.”

पलीकडे नकाशा उलगडल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, “होईल मॅडम. पण मग आतली जागा पण कमी, दरवाजा पण छोटा येणार. चार माणसांची लिफ्ट. माणसं जाणार, बाजारहाट जाणार. चालेल ना?”

सुलक्षणाच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. समोर एका बाईला कोणीतरी चाकाच्या खुर्चीतून तपासणीला नेत होतं आणि ती खुर्ची केवढी रुंद असते ते डोळ्यांपुढे होतं. पण डॉक्टर म्हणाले होते, दोन-तीन महिन्यांत वॉकर धरून चालायला लागतील. वॉकरला कितीशी जागा लागते?

“चालेल,” ती म्हणाली.

त्यानंतर खरंच कुठे काही अडलं नाही. रतननंही पैसे भरले, आणि वर “वहिनी, तुम्ही देवाचा मान राखलात,” असं चारचौघांत म्हणाला. खड्डा झाला, लोखंड उभं राहिलं. पाऊस लागल्यावर अण्णा परतले, पण तोवर धोंड्याचा विषयच संपला होता, म्हणून तो त्यांच्या कानावर घालायचं कोणाला सुचलं नाही. पावसात काम थंडावलं, गणपतीत अख्खी इमारत गावी गेली म्हणून थांबलं, दिवाळीनंतर मजूर त्यांच्या गावी गेले म्हणून पुन्हा थांबलं. सुलक्षणाला आता राग येत नव्हता. ती रोज सकाळी मागे चक्कर मारायची, जेवढं झालं तेवढं बघायची आणि वर येऊन पोळ्या लाटायची. ‘लिफ्ट कधी?’ हा प्रश्न तिला भाजीवालीही विचारायची. कोणी साधं ‘कशी आहेस?’ विचारलं तरी तिच्या तोंडून ‘होईल पुढच्या महिन्यात’ असं उत्तर निघायचं.

कुंडलिक मात्र चालू लागले नाहीत. हाड जुळलं, पण पायांनी जी हाय खाल्ली ती खाल्लीच. व्यायाम करवून घ्यायला येणाऱ्या मुलीनं शेवटी हात टेकले. श्रेयसनं चाकाची खुर्ची आणून दिली, चांगली घडीची, मजबूत. ती घरात आली त्या दिवशी सुलक्षणानं तिच्याकडे पाहिलं आणि मग स्वयंपाकघरात निघून गेली. माप घ्यायची टेप कपाटाच्या खणात होती. खाली लिफ्टचा दरवाजा बसवून झाला होता. तिनं खण उघडला नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. झालं तर झालं, दोन बोटांच्या फरकानं जाईलही, असं ती स्वतःला सांगत राहिली, आणि सांगता सांगता त्यावर अर्धवट विश्वासही ठेवू लागली.

लिफ्ट सुरू करायचा मुहूर्त जानेवारीतला निघाला. अण्णा अजून गावी गेले नव्हते. झेंडूच्या माळा लागल्या, सातेरी कृपातल्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून मागच्या अंगणात जमल्या. धोंड्याला नवा शेंदूर लागला होता आणि त्याच्या शेजारी, अगदी खेटून, लिफ्टचा चकचकीत दरवाजा. अण्णांनी डोक्याला टॉवेल गुंडाळला, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा राखणदारा म्हाराजा! तुझ्या पायाकडे राहणारी ही तुझी लेकरां. त्येंनी आज ही पेटी उभी केल्यानी. हेच्यातसून जो वर जायत, जो खाली येयत, तेचो सांभाळ कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“मदीच लाईट जाता नये म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” या वेळी सगळ्यांनी जरा जास्तच जोरात म्हटलं.

ठरलं होतं ते असं, की पहिल्यांदा लिफ्टमधून कुंडलिक धुरी खाली येतील आणि खाली त्यांना हार घालायचा. सुलक्षणा आणि रतन वर गेले. कुंडलिक इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत तयार बसले होते. दाढी त्यांनी स्वतःच्या हातानं केली होती आणि हनुवटीवर थोडं कापूनही घेतलं होतं. सुलक्षणानं खुर्ची ढकलत दाराबाहेर आणली. लिफ्टचा दरवाजा आपोआप सरकला, आत आरसा होता, आणि त्या आरशात कुंडलिकना स्वतःचा चेहरा दिसला तसे ते हसले. तिनं खुर्ची पुढे ढकलली. दोन्ही चाकं चौकटीला टेकली आणि थांबली.

रतननं खुर्ची तिरकी करून पाहिली. मागे घेऊन मागच्या बाजूनं आत न्यायचा प्रयत्न केला. दोन बोटांचा प्रश्न नव्हता, चांगला वीतभर फरक होता. दरवाजा मिटायला यायचा, खुर्चीला लागून पुन्हा उघडायचा. खालून कोणीतरी ओरडलं, “येतायत का?”

सुलक्षणाचे हात खुर्चीच्या मुठींवर तसेच राहिले. कुंडलिकनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा बघून त्यांना जे कळायचं ते कळलं असावं.

“तुका ठावक होता?” त्यांनी हळूच विचारलं.

“होय,” ती म्हणाली. खोटं बोलायलाही तिच्यात त्राण उरलं नव्हतं.

त्यांनी दरवाजाकडे पाहिलं. मग म्हणाले, “मगे आदी सांगाचा मां! चालूक शिकलंय असतंय.” आणि रतनकडे वळून, “रे, आतसून स्टूल हाड. आंघोळीचो. काय उभो ऱ्हवलंस?”

रतननं प्लास्टिकचं स्टूल लिफ्टमध्ये ठेवलं, कुंडलिकना काखेतून धरून उचललं आणि त्यावर बसवलं. ते पडू नयेत म्हणून तो स्वतः त्यांना मिठी मारून उभा राहिला. लिफ्टमध्ये आता आणखी कोणाला जागा नव्हती. दरवाजा मिटताना सुलक्षणाला नवऱ्याचा फक्त एक खांदा दिसला.

खुर्ची दुसऱ्या फेरीला नेता आली असती. घडी करून आडवी ठेवली की ती मावत होती. पण सुलक्षणाला तिथे उभं राहून त्या दरवाजाची वाट बघणं जमेना. तिनं खुर्चीची घडी केली, काखेत मारली आणि जिना उतरायला लागली. तिसऱ्या मजल्यावर असताना खाली टाळ्या ऐकू आल्या. दुसऱ्यावर आली तेव्हा टाळ्या थांबून बोलणं सुरू झालं होतं. अण्णांना ऐकायला कमी येत असल्यानं सगळे त्यांच्याशी मोठ्यानं बोलत आणि ते त्याहून मोठ्यानं.

“खुर्ची खय गेली ह्येची? स्टुलार कित्याक बसवल्यात?”

रतन काहीतरी सांगत होता. धोंडा, एक फूट, मान राखला, असे शब्द तुटक तुटक वर येत होते.

“माका कोणी इचारला?” अण्णांचा आवाज जिन्यात घुमला. “अरे, देव काय आडमुठो असा? गाऱ्हाणा घातलंय असतंय, नारळ ठेवलंय असतंय, आनी सांगितलंय असतंय, म्हाराजा, लेकराची अडचण हा, जरा पलीकडे सरान बस. गावाक रस्तो करताना मीच हलवलंय राखणदार. एक सोडून दोनदा! माका इचारूक काय झाला होता तुमका?”

सुलक्षणा पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर उभी होती. तिनं भिंतीला हात लावला. मग घडी उघडून खुर्ची तिथेच मांडली, ब्रेक लावला आणि तिच्यात बसली.

बसल्यावर तिला समजलं की आपल्याला राग आला आहे. अण्णांचा नाही, रतनचा नाही, स्वतःचासुद्धा नाही. एक फोन. तो कोणी का केला नाही, या प्रश्नाला इतकी उत्तरं होती आणि सगळीच खरी होती. देवाचं फोनवर विचारत नाहीत. वडीलधाऱ्यांना अडचणीत टाकू नये. नकार आला तर काय. तिला रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण ते येत नव्हतं. खुर्ची मऊ होती. आपण नवऱ्याला हिच्यात इतके महिने बसवतो आणि हिच्यात बसल्यावर कसं वाटतं हे एकदाही पाहिलं नाही, असं तिच्या मनात आलं.

“काकी!” खालून नीलाची हाक आली. “खुर्ची आणताय ना? काका स्टुलावर अवघडलेत.”

“आणते,” सुलक्षणा म्हणाली.

ती उठली नाही. खालून पुन्हा हाक आली, या वेळी कुंडलिकची, तिच्याच नावाची. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण चारचौघांत त्यांनी तिला नावानं कधी हाक मारली नव्हती.

“सुलक्षणा! पडलंस-बिडलंस काय गो?”

“नाही,” ती वरून म्हणाली. “बसल्येय.”